अर्भक मृत्युदरावरून देशाची प्रकृती कशी कळते?

प्रश्न : दरडोई उत्पन्नाचा आकडा हाताशी असताना अर्भक मृत्युदराला, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांच्या संख्येला, एवढे महत्त्व का?

उत्तर १ : उत्पन्नाची सरासरी मूठभर श्रीमंतांमुळेही फुगते, बाळ मात्र आईचे पोषण, स्वच्छ पाणी, लस यांतले काहीही चुकले तरी दगावू शकते. २०२० च्या नमुना नोंदणीत, म्हणजे निवडक गावे-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीत, केरळचा दर ६, महाराष्ट्राचा १६, तर मध्य प्रदेशाचा ४३ होता.

उत्तर २ : सहमत, पण राज्याची सरासरीही फसवी असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांनाच बाळाचे श्वास मोजायला, वजन करायला आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन द्यायला शिकवले, १९९५ ते १९९८ दरम्यान तिथला नवजात, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतला, मृत्युदर निम्म्याहून खाली आला.

प्रश्नकर्ता : आणि घरीच जन्मून, बारशाआधीच गेलेले बाळ?

उत्तर २ : गावात कोणी नोंदवले, तरच ते दप्तरात येते.