बारावीनंतर एक वर्ष थांबून शाळेच्या पोरांना शिकवायचं का? (नागपूर)

नंदनवनची_गणितवाली

नमस्कार. यंदा बारावी सायन्स झाली, पीसीएम. मला इंजिनिअरिंग करायचं नाही, शाळेत गणित शिकवायचं आहे, आणि हे दहावीपासूनच पक्कं आहे. त्यासाठी चार वर्षांच्या एकात्मिक बी.एस्सी.-बी.एड.साठी एनसीईटी ही प्रवेश परीक्षा दिली होती. भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेत नंबर लागावा अशी फार इच्छा होती, पण लागला नाही. आता एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यायची आणि तोवर वस्तीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या, असा विचार सुरू आहे.

घरी दोन मतं आहेत. बाबा कळमना मार्केटमध्ये अडत्याकडे हिशेब पाहतात. ते म्हणतात, "एक वर्ष गेलं तर गेलं, पण मनाजोगतं शिक." आईला भीती वाटते की एकदा थांबलेली मुलगी मग थांबूनच राहते, आणि नातेवाईक लग्नाचं विचारायला लागतात. तिचं मला चुकीचं वाटत नाही. आमच्या गल्लीत तसं झालेलं आहे.

शेजारची आठवीतली एक पोरगी माझ्याकडे येतेच. अजून चार-पाच जणांनी विचारलं, त्यात दोन दहावीचे. जवळच्या एका क्लासवाल्यांनीही "आमच्याकडे आठवी-नववीला शिकव, महिन्याला ठरावीक पैसे देतो" असं सांगितलं आहे. कोणते वर्ग घेऊ, फी किती सांगू, माझा अभ्यास कधी करू? ज्यांनी असं वर्ष काढलं आहे त्यांनी कृपया लिहा.

---

हुडकेश्वर_ते_भोपाळ

मी हेच वर्ष काढलं आहे आणि आता भोपाळला तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थांब. पण दहावीच्या पोरांपासून सुरुवात करू नको. दहावीवाल्यापुढे बोर्डाची परीक्षा असते. गणिताचे भाग 1 आणि भाग 2 मिळून 80 मार्कांचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन उभे राहतात आणि तुला मागे जाऊन काही दुरुस्त करायला वेळच उरत नाही. मी एक दहावीचा मुलगा घेतला होता, फक्त त्याच्या आईने फार गळ घातली म्हणून. वर्गसमीकरणं सुरू होती. x² − 5x + 6 चे अवयव त्याला पडेनात. 2 आणि 3 त्याने बरोबर शोधले, पण दोन्ही ऋण घ्यायचे हे त्याच्या गळी उतरेना. म्हणून आठवीचं पुस्तक काढलं, बैजिक राशींचे अवयव. तिथेही तेच. मग सातवीत गेलो, पूर्णांक संख्यांच्या गुणाकारापर्यंत. तिथे कळलं की ऋण गुणिले ऋण धन, हे त्याने फक्त पाठ केलं होतं आणि त्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

मी पाटीवर एकाखाली एक लिहिलं: 3 × (−2) = −6, 2 × (−2) = −4, 1 × (−2) = −2, 0 × (−2) = 0. मग खडू त्याच्या हातात दिला आणि पुढची ओळ त्याला लिहायला सांगितली. उत्तर दरवेळी दोनाने वाढतं आहे हे त्याला दिसलं आणि (−1) × (−2) पुढे त्याने स्वतः 2 लिहिलं. तो दहावीत होता. ही गोष्ट त्याला तीन वर्षं आधी दिसायला हवी होती, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. साठ पोरांच्या वर्गात कोणी त्याच्या वहीत डोकावलंच नाही.

म्हणून सांगते, सहावी ते आठवी घे. तिथे एका वर्षात खरंच काही बदलता येतं. शिवाय 2023 पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास करता येतं, पुनर्परीक्षा असते. त्यामुळे आठवीचे पालकही आता लवकर जागे होतात.

पहिले काही दिवस धडा सुरूच करू नको. पाढे, अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, आणि एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावायचं. वाचतानाच कळतं की अडचण गणिताची आहे की वाचनाची. प्रत्येकाची वेगळी वही कर आणि कोण कुठे अडतं ते तारीख टाकून लिहून ठेव.

एक काम मात्र नक्की कर. आठवीतली जी पोरं महानगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आहेत आणि ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, बसव. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता चाचणी 90 मार्कांची आणि शालेय क्षमता चाचणी 90 ची. दुसऱ्या पेपरात गणिताचे 20च प्रश्न असतात, विज्ञान आणि समाजशास्त्राचे 35-35. म्हणजे फक्त गणित घेऊन भागत नाही, इतिहास-भूगोलही घ्यावा लागतो. माझ्याकडच्या एका पोरीला ती मिळाली. तिची आई लोकांकडे पोळ्या करते. त्या पैशामुळे पोरगी अकरावीला सायन्सला जाऊ शकली. आजही ही गोष्ट मला स्वतःच्या कुठल्याही मार्कांपेक्षा मोठी वाटते.

फीचं म्हणशील तर मी आठवीपर्यंत महिन्याला 700 घ्यायची आणि एक-दोन जणांकडून घेतच नव्हती. आकडा काहीही ठेव, पण पहिल्याच दिवशी आई-वडिलांसमोर सांग. ओळखीतल्या लोकांशी पैशाचं नंतर बोलायला फार जड जातं.

अभ्यास सकाळी कर. पोरं शाळेत असतात तोवरचा वेळ तुझा. एनसीईटीत दोन भाषा, तीन विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभिरुची असं सगळं येतं. शेवटच्या भागाला शिकवण्याचा खरा उपयोग होतो, कारण "विद्यार्थी चुकला तर शिक्षकाने काय करावं" याचं उत्तर तू रोज शोधत असतेस.

पोळा, तान्हा पोळा, गणपती, दिवाळी, या दिवसांत हजेरी तुटतेच. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेल्या पोराला गणिताला बसवायचं नसतं. त्या सुट्ट्या आधीच धरून चाल.

---

निवृत्त_मास्तर_रेशीमबाग

बेटा, क्लासवाल्यांचं तेवढं सोड. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग सेंटरने पदवीपेक्षा कमी शिकलेला शिक्षक ठेवू नये असं आहे. 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असले की ते कोचिंग सेंटर. घरी चार-सहा पोरं घेशील तर तो प्रश्न येत नाही. आणि क्लासमध्ये अभ्यासक्रम संपवायची घाई असते. वर त्या ताईने सातवीपर्यंत मागे गेल्याचं लिहिलं आहे ना, तसं तिथे कोणी जाऊ देत नाही. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं, मलाही एवढं मागे जायला क्वचितच जमलं, कारण तास 35 मिनिटांचा. तुझ्याजवळ वेळ आहे. तो पोरांना दे.

---

मानेवाड्याची_आई

माझा पोट्टा अशाच एका बारावी झालेल्या पोरीकडे जायचा. फार छान शिकवायची, पण जानेवारीत तिला कुठेतरी नोकरी लागली अन् ती सोडून गेली. पोराने दोन महिने पुस्तक उघडलं नाही. त्याला मास्तर कोणीही मिळाला असता, पण त्याचा जीव तिच्यावर बसला होता. म्हणून एवढंच सांगते, घ्यायची तर वार्षिक परीक्षा होईपर्यंत घे. अन् शिकवणी तुझ्याच घरी घे, समोरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. हिवाळ्यात सहालाच अंधार पडते, कोणाच्या घरी जाऊ नको.

---

सिव्हिल_लाइन्स_अर्जदार

कागदांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात असतं. लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन क्रिमिलेअर याच वर्षात काढून ठेव. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

---

नंदनवनची_गणितवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. मानेवाड्याच्या काकूंचं तिला सर्वांत पटलं. आता तीच म्हणून राहिली की समोरची खोली रिकामी करून देते.

दहावीच्या दोघांना नाही म्हटलं. सातवीची दोन आणि आठवीची तीन घेते आहे. शाळा उघडल्या की सुरू. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर सातवीचं पुस्तक मीच पुन्हा सोडवून काढते. ताई, एक विचारायचं होतं. आठवीतल्यांपैकी एक महानगरपालिकेच्या शाळेत आहे. एनएमएमएसचा फॉर्म मीच ऑनलाइन भरून देऊ का?

---

हुडकेश्वर_ते_भोपाळ

तू भरू नको, तो शाळेतूनच भरला जातो, मुख्याध्यापकांकडून. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात त्याच्या आईसोबत जाऊन मुख्याध्यापकांना भेट आणि त्याचं नाव द्यायला सांग. सातवीत त्याला 55 टक्के आहेत का तेही पाहून घे, एससी-एसटीला 50 चालतात. उत्पन्नाचा दाखला त्यांना आत्ताच काढायला सांग, जूनमध्ये तलाठी कार्यालयात गर्दी होते. आणि पेपरचा सराव तान्ह्या पोळ्यानंतर लगेच सुरू कर. माझ्या जुन्या सराव वह्या घरीच आहेत, हुडकेश्वरला येऊन माझ्या आईकडून घेऊन जा. पत्ता निरोपात पाठवते.