लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक प्रत्यक्ष इंधनघटात का टिकत नाही?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी):
नमस्कार. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणाऱ्या इंधनघटात प्लॅटिनमला पर्याय म्हणून मी लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरकावर काम करते. पर्क्लोरिक आम्लात, फिरत्या डिस्क इलेक्ट्रोडवर (उत्प्रेरकाचा पातळ थर देऊन द्रवात केलेल्या चाचणीत) ऑक्सिजनच्या क्षपणाचे, म्हणजे त्याचे पाण्यात रूपांतर होण्याचे, निकाल समाधानकारक येतात. मात्र तोच उत्प्रेरक ८० अंश सेल्सिअसच्या घटात कॅथोडला (ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला) वापरला की पहिल्या काही तासांतच वीजप्रवाह झपाट्याने घटतो. लोह विरघळते, कार्बनचे ऑक्सिडीकरण होते की सूक्ष्म छिद्रांत पाणी साचते, हे वेगवेगळे कसे ओळखावे?

उत्तर १ (विद्युतरसायन):
आधी पाण्याचा प्रश्न निकालात काढा. घटातून कोरडा नायट्रोजन सोडून पुन्हा मोजणी करा. प्रवाह पूर्ववत झाला, तर दोष छिद्रांतील पाण्याचा आहे. तसे झाले नाही, तर व्होल्टेजची तीच आवर्तने एकदा नायट्रोजनमध्ये आणि एकदा ऑक्सिजनमध्ये द्या. ऱ्हास मुख्यतः ऑक्सिजनमध्येच दिसला, तर संशय हायड्रोजन पेरॉक्साइडवर घ्यावा, कारण क्षपण अर्धवट झाले की ते तयार होते आणि लोहाचे आयन फेंटन अभिक्रियेने त्याचे हायड्रॉक्सिल मूलकांत (अतिशय क्रियाशील कणांत) रूपांतर करतात. हे मूलक सक्रिय स्थानांभोवतीच्या (जिथे अभिक्रिया घडते त्या जागांभोवतीच्या) कार्बनवर तर हल्ला करतातच, शिवाय नॅफिऑनचे (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या फ्लोरिनयुक्त पॉलिमरचे) पटलही कुरतडतात. म्हणून घटातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लोहाबरोबर फ्लोराइडही मोजा. फ्लोराइड वाढत असेल, तर पटलालाही इजा होत आहे. उष्णता-प्रक्रियेनंतर उरलेले लोहाचे मोकळे कण आम्लाने धुऊन काढता ना?

उत्तर २ (पटलांवर काम करणारा):
अल्कधर्मी पटलाचाही (प्रोटॉनऐवजी हायड्रॉक्साइड आयन वाहून नेणाऱ्या) विचार करावा, कारण त्या माध्यमात हे उत्प्रेरक अधिक टिकतात. अर्थात तिथे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट तयार होते आणि पटलातील धनभारित गट हायड्रॉक्साइडमुळे तुटतात.

उत्तर ३ (इंधनघट बांधणी):
माध्यम बदलल्याने मूळ अडचण केवळ दुसरीकडे सरकेल, असे मला वाटते. संशोधक यासिन्स्की यांनी १९६४ मध्ये कोबाल्ट थॅलोसायनिन या प्लॅटिनमविरहित संयुगाची उत्प्रेरकता दाखवली, २००९ मध्ये क्यूबेकमधील दोदले यांच्या गटाने लोहाधारित उत्प्रेरकाची सक्रियता पुष्कळ वाढवली. टिकाऊपणा मात्र त्या वेगाने वाढला नाही. टोयोटा मिराईसारख्या गाड्यांनी म्हणूनच प्लॅटिनम-कोबाल्ट मिश्रधातूचा मार्ग धरला. पुण्यात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि केपीआयटी ही कंपनी यांनी ज्या हायड्रोजन मोटारीची चाचणी घेतली, तिचा घट ६५ ते ७५ अंशांवर चालणारा होता. अशा घटात तुमचा उत्प्रेरक बसवायचा, तर आणखी एक गोष्ट तपासा: या उत्प्रेरकाचा थर प्लॅटिनमच्या थराच्या साधारण दहापट जाड ठेवावा लागतो, आणि एवढ्या जाडीतून ऑक्सिजन व प्रोटॉन आतपर्यंत पोहोचतात का, हे डिस्कवरील चाचणी सांगत नाही.