हेड कोच नेमताना आधीचा अनुभव किती बघायचा?

बेंचवरून:
परवा मित्राशी यावरून चांगलीच जुंपली म्हणून धागा काढतोय. एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) लेकर्स टीमने जून २०२४ मधे जेजे रेडिकला हेड कोच केलं. १५ सीझन खेळलेला माणूस, नंतर टीव्हीवर अ‍ॅनालिस्ट, स्वतःचा पॉडकास्ट, पण एनबीए राहूदे, कॉलेजच्या टीमबरोबर पण असिस्टंट म्हणून कधी बसलेला नाही, लहान मुलांच्या टीमला शिकवलं असेल तेवढंच. मित्र म्हणतो गेम कळतो ना, मग बास. मला हे अजिबात पटत नाही. गेम कळणं वेगळं आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमधे सगळे तुझ्या तोंडाकडे बघत असताना ठरवणं वेगळं. कुठलीही, कितीही छोटी टीम असो, ती आधी स्वतःच्या जबाबदारीवर चालवून, चार मॅच स्वतःच्या चुकीने हरून मग या खुर्चीवर बसावं असं माझं स्पष्ट मत आहे.

जेसन किडचं उदाहरण घ्या. जून २०१३ मधे प्लेअर म्हणून रिटायर झाला आणि त्याच महिन्यात नेट्स टीमचा हेड कोच. नोव्हेंबरमधे लेकर्सविरुद्ध ८ सेकंद राहिले होते, टीम २ पॉइंटनी मागे आणि टाइमआउट (खेळ थांबवून टीमशी बोलायची मोजकी संधी) एकही शिल्लक नाही. मग याने स्वतःच्याच प्लेअरला मला धडक म्हणून सांगितलं, हातातला सॉफ्ट ड्रिंकचा कप कोर्टवर सांडला, फरशी पुसेपर्यंत तेवढ्यात प्ले (पुढची चाल) आखून घेतला. मॅच तरी हरलेच आणि लीगने ५० हजार डॉलर दंड लावला. टाइमआउट जपून वापरायचे असतात हे तिथे पोचून शिकायची गोष्ट आहे का?

तिसरा_क्वार्टर:
असहमत. स्टीव्ह कर २०१४ मधे वॉरियर्सकडे आला तेव्हा कुठे कोच होता? सन्स टीमचा जनरल मॅनेजर (टीम जमवणारा, कोच नव्हे) होता, मग टीव्हीवर. पहिल्याच सीझनला ६७-१५ (जिंकलेल्या-हरलेल्या मॅच) आणि टायटल. लॅरी बर्डने तर १९९७ मधे काहीच अनुभव नसताना पेसर्स घेतली, आदल्या वर्षी ३९ जिंकलेली टीम थेट ५८ वर नेली आणि कोच ऑफ द इयर झाला. डॉक रिव्हर्स पण १९९९ ला टीव्हीवरून थेट ऑरलँडोला, पहिल्याच वर्षी तोच अवॉर्ड.

आणि टाइमआउटचं म्हणाल तर डेव्हिड ब्लॅट विसरलात का? युरोपात कोचिंगमधे आयुष्य घालवलेला माणूस, २०१४ ची युरोलीग (युरोपातल्या क्लबची मोठी स्पर्धा) जिंकून एनबीएत क्लीव्हलँडला आला. २०१५ च्या प्लेऑफला (सीझननंतरची बाद फेरी) शिकागोविरुद्ध सिरीजचा गेम ४, स्कोअर बरोबरीत, टाइमआउट संपलेले आणि हा टाइमआउट मागत कोर्टवर निघाला. त्याचा असिस्टंट टायरॉन लूने धरून मागे ओढलं म्हणून वाचले, रेफरीने बघितलं असतं तर टेक्निकल फाउल बसून समोरच्यांना फ्री थ्रो मिळाला असता. वर प्ले असा आखला की लेब्रॉनने, म्हणजे टीमच्या सगळ्यात मोठ्या स्टारने, बाहेरून बॉल फक्त आत टाकायचा. लेब्रॉनने तो धुडकावला, बॉल स्वतः घेतला आणि बझरवर (वेळ संपता संपता) मॅच काढली. पुढच्या सीझनला ३०-११ असताना ब्लॅटला काढलं, आणि त्याच २०१६ मधे टायटल कोणी जिंकलं, तर आधी कधीच हेड कोच नसलेल्या लूने.

बेंचवरून:
ब्लॅटचा मुद्दा जबरदस्त आहे, मान्य. पण तो अनुभव वेगळ्या नियमांचा होता हे पण बघा. फिबामधे (आंतरराष्ट्रीय नियम, युरोपात तेच) कोच टेबलकडे टाइमआउट मागतो, तो मिळतो बॉल डेड (खेळ थांबलेला) असताना नाहीतर समोरच्याने बास्केट केल्यावर, लाइव्ह बॉलवर (खेळ चालू असताना) मागायची एनबीएसारखी सोयच नाही. एवढी वर्षं एका सवयीत काढल्यावर हात आपोआप तसाच जातो. म्हणजे वर्षं मोजून उपयोग नाही हे मी मानतो. पण म्हणून शून्य अनुभव चालतो असं कसं होईल?

आणि करला मिळालेली टीम आदल्या वर्षी ५१ जिंकलेली होती, करी, थॉम्पसन, ग्रीन हे स्टार सगळे तयार. शेजारी अल्विन जेंट्री आणि रॉन अ‍ॅडम्ससारखे मुरलेले असिस्टंट.

रातकिडा:
स्टार आणि असिस्टंट असले की भागतं म्हणता, मग स्टीव्ह नॅशचं काय? त्याच्याकडे पण ड्युरँट होता, कायरी होता, पुढे हार्डन आला. २०२० ला नेट्सनी शून्य अनुभवावर घेतला, २०२२ च्या नोव्हेंबरला २-५ असताना गेला. कायरीने कोविडची लस न घेतल्याचा घोळ आणि हार्डनचं जाणं हे त्याच्या हातात नव्हतं हे खरंय, पण असल्या वेळी टीम कशी धरून ठेवायची हे ज्याने आधी कुठेतरी केलंय त्याला जास्त सुचतं.

मला मार्क डेगनॉल्टचा रस्ता सगळ्यात पटतो. ओकेसीच्याच (ओक्लाहोमा सिटी थंडर) जी लीग (एनबीएच्या खालची लीग) टीमचा ५ वर्षं हेड कोच, मग एक वर्ष थंडरचा असिस्टंट, मग हेड कोच. पहिले दोन सीझन २२-५० आणि २४-५८, २०२५ ला ६८-१४ आणि टायटल. निक नर्स पण तसाच, ब्रिटिश लीग, मग जी लीग, मग टोरंटोला ५ वर्षं असिस्टंट आणि २०१९ ला टायटल. ही माणसं रिकाम्या स्टँडसमोर चुका करून आलेली असतात.

जांभळी_जर्सी:
मला वेगळाच राग आहे आणि तो इथे मांडतेच. अनुभव हवा हे वाक्य सगळ्यांना सारखं लागत नाही. बेकी हॅमन २०१४ पासून स्पर्सचा तेव्हाचा हेड कोच पॉपोविचच्या हाताखाली असिस्टंट. डिसेंबर २०२० मधे पॉपोविचला रेफरीने बाहेर काढलं तेव्हा उरलेली मॅच तिनेच चालवली. पुढच्या उन्हाळ्यात पोर्टलँडच्या हेड कोचसाठीच्या शेवटच्या यादीत तिचं नाव होतं आणि नेमला कोण, तर जेमतेम एक सीझन असिस्टंट असलेला माजी स्टार प्लेअर. तिला हेड कोच म्हणून अनुभव नाही हे कारण पुढे यायचं, नॅशच्या वेळी ते आड आलं नाही. शेवटी ती डब्ल्यूएनबीएत (महिलांची लीग) लास वेगासला गेली आणि २०२२, २०२३, २०२५ अशी तीन टायटल्स घेतली. नियम करायचाच तर सगळ्यांना करा.

बेंचवरून:
+१. नियम सगळ्यांना एकच हवा.

तिसरा_क्वार्टर:
हॅमनबद्दल एकदम बरोबर. पण रेडिकवर धागा काढलात म्हणून विचारतो, पहिल्या सीझनला ५०-३२, वेस्टमधे (लीगच्या पश्चिम गटात) तिसरा नंबर, मधेच डॉन्चिचचा एवढा मोठा ट्रेड (प्लेअरची अदलाबदल) पचवून. अजून काय हवं होतं?

बेंचवरून:
रेग्युलर सीझन छान झाला, नाकारत नाही. प्लेऑफमधला मिनेसोटाविरुद्धचा गेम ४ परत बघा. दुसऱ्या हाफची पूर्ण २४ मिनिटं तेच पाच प्लेअर. एकही बदल नाही. तोच लेब्रॉन, तेव्हा लेकर्सकडे, ४० वर्षांचा, तो पण पूर्ण २४. शेवटी शेवटी पाय उचलत नव्हते त्यांचे, पुढे असलेली मॅच ११६-११३ हरले आणि सिरीज १-४ गेली. शेजारी नेट मॅकमिलन आणि स्कॉट ब्रूक्स बसलेले, दोघंही कित्येक वर्षं हेड कोच राहिलेले. ते फार तर कानात सांगतील, बेंचवरच्याला उठवून आत पाठवायचं काम रेडिकचंच होतं.