युरोप सहल : दर वाढले, हॉटेल मात्र शहराबाहेर

प्रश्न : आईबाबांसाठी समूह सहल पाहत आहे. दर बरेच वाढूनही अ‍ॅमस्टरडॅमचा मुक्काम विमानतळाजवळ दिला आहे. असे का?

उत्तर १ : अ‍ॅमस्टरडॅमने २०२४ पासून पर्यटक कर खोलीभाड्याच्या साडेबारा टक्क्यांवर नेला, शिवाय जानेवारी २०२६ पासून संपूर्ण नेदरलँड्समध्ये निवासावरील मूल्यवर्धित कर ९ वरून २१ टक्के झाला. शहराचा कर वाचवण्यासाठीही कंपन्या बाहेर सरकतात.

उत्तर २ : अंतरापेक्षा हॉटेलाचे नाव महत्त्वाचे आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘किंवा तत्सम’ असे छापलेले असल्यास पैसे भरण्यापूर्वी नाव लेखी मागावे. मध्यवस्तीतील जुन्या इमारतींत लिफ्ट अनेकदा दोन माणसे आणि एक बॅग मावेल एवढीच असते. ज्येष्ठांसाठी मला बाहेरचे नवे हॉटेलच बरे वाटते.

प्रश्नकर्ता : धन्यवाद. उद्याच नाव मागते.