बँकेवर निर्बंध आले, बाबाचे पैसे गुतले. किती भेटतील?

खारपाणपट्ट्यातला कास्तकार:
राजेहो, सांगा बरं कोणी. आमच्या इथल्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध टाकले. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा फवारणीच्या औषधासाठी पैसे काढाले गेले, तं शटर अर्धं खाली अन् दारावर कागद. दहा हजाराच्या वर भेटत नाही. बाबाच्या नावानं ठेव ४ लाख ६० हजार, तिचं व्याज ३८ हजार, बचत खात्यात २२ हजार. दुसऱ्या शाखेत दीड लाख, थे माय-बाबा दोघाइचे, मायचं नाव पयलं. पीककर्ज बी याच बँकेचं, ६० हजार बाकी. बहिणीचं लगन तुळशीच्या लग्नानंतर धरलं हाय. पारावर कोणी म्हणते एक लाखच भेटते, कोणी म्हणते पाच.

निवृत्त बँकवाला:
एक लाख ही जुनी गोष्ट. बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला पैसे देणारा जो ठेवींवरचा विमा असतो, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे, मुद्दल-व्याज धरून, एका बँकेत एका माणसाला. शाखा चार असल्या तरी बेरीज एकच. हप्ता बँकच भरते, तुमच्याकडून काही घेत नाहीत. कोणी 'फाईल पुढे सरकवतो' म्हणून पैसे मागितले तर हाकलून द्या.

आता बाबांचा हिशेब. बेरीज ५ लाख २० हजार. पण कर्जाची वळती, म्हणजे बाकी कर्ज ठेवीतून कापून घेणं, आधी होते, पाच लाखांची मर्यादा नंतर लागते. ६० हजार गेले की उरतात ४ लाख ६० हजार, म्हणजे सगळेच विम्यात बसतात. कर्ज नसतं तर वरचे वीस हजार बँकेच्या वसुलीतून कधी येतील याची वाट पाहत बसला असता! दीड लाखाच्या ठेवीत आईंचं नाव पहिलं, म्हणून तिला वेगळी मर्यादा.

२०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात. मात्र बँक दुसरीत विलीन करायचं घाटत असेल, तर आणखी ९० दिवस लांबू शकतं.

आर्वीकडचा:
भाऊ, तुमची बँक तरी हाय. माहे ८० हजार पतसंस्थेत गेले. पतसंस्थेले हा विमा नसतो, मले बुडाल्यावर समजलं.

खारपाणपट्ट्यातला कास्तकार:
बाबाले हिशेब वाचून दाखवला, दोनदा वाचाले लावला. म्हणजे लगन फाल्गुनात ढकलावं लागते, सोयऱ्याइले मीच सांगतो. एक अडचण हाय: आधारावर 'महादेव', पासबुकात 'महादेवराव'.

निवृत्त बँकवाला:
तेवढ्यावरून दावा अडकतो. नाव आत्ताच जुळवा, विम्याचे पैसे घ्यायला संमतीचा फॉर्म भरा, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्या. बँकेला ठेवीदारांची यादी विमा देणाऱ्या महामंडळाकडे ४५ दिवसांतच पाठवावी लागते.

खारपाणपट्ट्यातला कास्तकार:
उद्या सकाळीच बाबाले गाडीवर घेऊन जातो. फवारणी परवा.