नाताळात सिडनी: उन्हाळा कसा सांभाळायचा?

दादरकर: डिसेंबरअखेर मुंबईहून ताईकडे सिडनीला. ऊन आपल्याला नवं नाही. पेढे-बर्फी नेऊ?

गिरगावकर: नकोच, दुधाची मिठाई विमानतळावरच काढून घेतात. बाकी खाऊ, मसाले विमानात भरायच्या प्रवेश-कार्डावर लिहा. लपवलंत तर दंड.

पार्लेकर: ऊन नवंच आहे हो! वारा गार असला तरी दुपारी यूव्ही (उन्हातली अतिनील किरणं) निर्देशांक बरेचदा ११ च्या वर, म्हणजे अतितीव्र, आणि कातडी भाजते ती यूव्हीने, उष्म्याने नव्हे. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी २० मिनिटं लावा, पुढे दर दोन तासांनी, पोहल्यावर लगेच. समुद्रात पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच. प्रवाहाने ओढलं तर झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा.

गिरगावकर: २५ ला सुपरमार्केट बंद. दूध-भाजी आदल्या दुपारीच आणा.