राज्य, राजवट, सरकार: कुठे कुठला शब्द?

खानापूरकर: बी.ए.च्या मुलांसाठी तौलनिक राजकारणाची टिपणं मराठीत करायची आहेत. स्टेट, रेजीम आणि गव्हर्नमेंट यांना वेगवेगळे, ठाम शब्द हवेत. मुलं पीयूसीला (अकरावी-बारावीला) कन्नड माध्यमातून आलेली, स्टेटला 'प्रभुत्व' म्हणायची सवय झाली आहे.

निपाणीकर: सर, 'प्रभुत्व' मराठीत आणू नका. कन्नडमध्ये लोकशाहीला 'प्रजाप्रभुत्व' म्हणतात, तिथे तो शब्द शोभतो. आपल्याकडे प्रभुत्व म्हणजे वरचष्मा, नाहीतर भाषेवरची पकड. स्टेटला 'राज्यसंस्था' लिहा. नुसतं 'राज्य' लिहिलंत तर आपल्या भागातला पोरगा सरळ कर्नाटक-महाराष्ट्रावर जातो आणि तास तिथेच संपतो.

कसोटी १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराची लावा: कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन, आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. कर्नाटक चौथीवर अडतं, परराष्ट्रांशी तह दिल्लीच करते. भूभागाचंही तसंच, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते, विधिमंडळाचं फक्त मत मागवलं जातं. म्हणून कर्नाटक 'घटक राज्य', भारत 'राज्यसंस्था'.

टिळकवाडीकर: रेजीम म्हणजे सत्ता कुणाला, कुठल्या वाटेने मिळते आणि ती कुठवर चालते याचे नियम, लिखित आणि अलिखितही. 'राजवट' जवळचा शब्द, पण तो मराठीत नावं ठेवायलाच जास्त वापरतात: निजामी राजवट, लष्करी राजवट. स्वीडनची राजवट असं कोण म्हणतं? मी 'शासनप्रकार' लिहिते आणि राजवट बिगरलोकशाहीपुरती ठेवते.

'राष्ट्रपती राजवट' या जोडशब्दाने मात्र हमखास घोळ होतो. २१ एप्रिल १९८९ ला मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचं सरकार बरखास्त होऊन कर्नाटकात ती लागली. सरकार गेलं, विधानसभा विसर्जित झाली, शासनप्रकार तोच राहिला. ही राजवट ज्याने लागते तो अनुच्छेद ३५६ त्याच राज्यघटनेतला. संसदेची मंजुरी एका वेळी सहा महिन्यांची, कमाल मुदत तीन वर्षं, उच्च न्यायालयाच्या अधिकारांना हात नाही. पुढे याच बोम्मई खटल्यात ११ मार्च १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी असा निकाल दिला. म्हणजे राजवट शब्द असूनही रेजीम बदललेली नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका.

चंदगडकर: व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा 'काय बदललं, काय टिकलं' हे विचारा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आमचा चंदगड तेवढा मागे राहून कोल्हापूरला जोडला गेला. इथे घटक राज्य बदललं, राज्यसंस्था आणि शासनप्रकार जागच्या जागी. १९७७ ला दिल्लीत सरकार बदललं. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्कराने जुनी राजवट पाडली. पोर्तुगाल ही राज्यसंस्था तशीच, शासनप्रकार नवा. डिसेंबर १९६१ च्या गोव्यात दोन्ही एकदम बदलले. उत्तरपत्रिकेत पोरं गोव्याला 'सत्तांतर' लिहून मोकळी होतात आणि मार्क जातात. सत्तांतर एवढ्यावरून कळतं की सरकार बदललं, त्याच्या पलीकडे काही नाही.

खानापूरकर: आणि हुकूमशाहीच्या प्रकारांचं काय करायचं, मॅडम?

टिळकवाडीकर: ऑथॉरिटेरियनला 'एकाधिकारशाही' हा शब्द पुस्तकांत रुळलाय, पण त्यातला 'एक' दगा देतो. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी सत्ता होती आणि पाच जनरल पाळीपाळीने राष्ट्राध्यक्ष झाले. त्यापेक्षा 'अधिकारशाही' बरा. 'सर्वंकष' (टोटॅलिटेरियन) तेव्हाच लिहा, जेव्हा एकच अधिकृत विचारसरणी असते आणि लोकांना घरातून ओढून मोर्चात उभं केलं जातं. कन्नडमधला 'सर्वाधिकार' म्हणजे साधी हुकूमशाही. मुलं तो इथे चिकटवतात. प्रजासत्ताक आणि लोकशाही हेही एक नव्हेत: ब्रिटनमध्ये राजा आहे आणि लोकशाही आहे, उत्तर कोरिया नावाने प्रजासत्ताक.

निपाणीकर: एक अपवाद राहिला, सर. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, अनुच्छेद १२ मध्ये, 'राज्य' या शब्दात केंद्र आणि राज्य सरकारं, संसद, विधिमंडळं आणि स्थानिक प्राधिकरणंही येतात. त्या अर्थाने बेळगाव महानगरपालिकाही 'राज्य', खानापूरची तालुका पंचायतही. तिथे 'राज्यसंस्था' घालू नका, घटनेतला शब्दच ठेवा.